कमान, पाटा आणि शॉकअप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधल्या काळात "बाई, लिहीत का नाही?" असं विचारून काही जण दमले. नातेवाईकांना मी बरी आहे हे फोनवरून कळलेलंच आहे. आज जे लिहिणार आहे ते मी वर्षभर टाळत होते, कारण त्यात माझं एक खोटं आहे. ते मी घरात सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं आणि ह्या ब्लॉगवरही लिहून ठेवलं. जन्मभर मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगितलं त्या बाईने!

नातवाची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, "लिही की. फक्त गाडीबद्दल काही चुकीचं लिहू नकोस." तेव्हा आधी गाडीबद्दल.

आमच्या नातूरावांनी २०२२ साली एक वापरलेली गाडी घेतली, अबार्थ पुंटो. फियाटची ही गाडी ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली आणि ती आपल्या रांजणगावला तयार होत असे. अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावची गाडी, म्हणून मी आधी कौतुकाने बघायला गेले, तर नाकावर मोठा विंचू! अबार्थ ही १९४९ साली इटलीत सुरू झालेली, शर्यतीच्या गाड्या करणारी कंपनी. कार्लो अबार्थ नावाच्या ज्या माणसाने ती काढली त्याची रास वृश्चिक, म्हणून विंचू. आता फियाटने भारतात गाड्या विकणं बंद केलं आहे, त्यामुळे ह्या मोजक्या विंचवांना त्यांच्या मालकांमध्ये फार मान. दिसायला साधी पुंटोच, पण इंजिन १४५ अश्वशक्तीचं, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर. साध्या पुंटोपेक्षा ती मुळातच खाली बसलेली होती.

नातवाला ती उंच वाटली.

त्याने कुणाकडून तरी वापरलेलं सस्पेन्शन विकत घेतलं. आखूड आणि कडक स्प्रिंगा. पुढच्या शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले, त्यावरची रिंग फिरवली की गाडी वर-खाली होते. मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, पण तिथेही तशीच रिंग. शिवाय प्रत्येक शॉकअपला एक बटण. ते रेडिओसारखं कटकट फिरवलं की शॉकअप कडक किंवा मऊ होतो. गाडी ३५ मिलिमीटर खाली आली. म्हणजे उरले १२०. गाडीचा भार जेवढा जमिनीजवळ तेवढी ती वळणावर कमी कलते, हे मला पटलं. टोपलीवर टोपली रचलेली मंडईतली हातगाडी वळणावर कशी झोकांड्या खाते ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं जे माप सांगितलं आहे ते १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असं आहे. ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखाने वर चढून उतरावी असा तो हिशेब. आपल्या गल्ल्यांतले काही गतिरोधक उंचीला तेवढेच, नाहीतर जास्तच, आणि रुंदीला हात-दीड हात. तिथे १२० मिलिमीटर म्हणजे किती, हे सांगायला गणिताची बाई नको.

आता मंडई. माझं लहानपण शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागच्या वाड्यात गेलं. वडील एका आडत्याकडे हिशेब लिहीत. लग्नानंतर पेठ सुटली, आता कोथरूडला मुला-सुनेकडे असते. कोथरूडला भाजी मिळत नाही असं नाही, दारात येते. पण शनिवारी सकाळी मंडईत गेल्याशिवाय मला आठवडा संपल्यासारखा वाटत नाही. ते अष्टकोनी शिखर, आठ पाकळ्या, उंच गाळ्यावर मांडी घालून बसलेले भाजीवाले आणि खाली उभे आपण, म्हणजे कायम त्यांच्याकडे मान वर करून बघणारे! १८८६ साली ही इमारत उघडली तेव्हा ती रे मार्केट होती. एवढा पैसा इमारतीवर न घालता शिक्षणावर घाला म्हणून नगरपालिकेत विरोध केला तो जोतीराव फुल्यांनी, आणि पुढे अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळालं ते त्यांचंच. वर्गात हे सांगताना मला फार मजा येई. असो. शनिवारची ही फेरी नातू मला गाडीतून घडवी. टिळक रस्त्याने स्वारगेट, तिथून शिवाजी रस्त्याने मंडई. आठवड्यातले तेवढे दोन तास तो माझ्याशी बोलत असे. एरवी कानात बोंडं.

डिसेंबर २०२३. मटार स्वस्त झाला होता. पाच किलोची पिशवी डिकीत ठेव म्हटलं तर तिथे ह्याची हत्यारं. मी मागच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. (पुढे बसलं की समोरची बस अंगावर येते असं वाटतं, म्हणून मी नेहमी मागे. एसटीत मागच्या सीटवर बसणाऱ्याचं काय होतं ते ठाऊक असूनही.) घराच्या अलीकडे एका गल्लीत नवा गतिरोधक झाला होता, पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. नातू काहीतरी सांगत होता, हसत होता. पिशवी घसरत होती म्हणून मी पुढे वाकले होते. पुढची चाकं गेली. मग मागची. खालून कुणीतरी लाकडी ओंडका मारावा तसा दणका बसला आणि कमरेच्या वर, पाठीत, काहीतरी मोडल्यासारखं झालं. आवाज आला नाही. लोक म्हणतात आवाज येतो, मला नाही आला.

"लागलं का गं आजी?" त्याने विचारलं.

"छे," मी म्हटलं, "मटार सांडले थोडे."

त्या रात्री मला कूस बदलता येईना. दुसऱ्या दिवशी एक्सरे. मणका दबला होता, कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात त्याला. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं? सून शेजारी उभी. मी म्हटलं, "पाण्याची बादली उचलली."

का म्हणाले? तेव्हा विचार करून म्हणाले नव्हते. नातू दाराशी उभा होता, तेवीस वर्षांचा, आणि त्याच्याकडे बघून बादली तोंडातून निघून गेली. एकदा निघाल्यावर तिला सगळेच धरून बसले. सुनेने घरातल्या बादल्या बदलून लहान आणल्या. नागपूरच्या वन्संनी वयाप्रमाणे वागावं म्हणून मला दोन फोन केले. मीही ब्लॉगवर 'बादली आणि मी' असं गमतीदार काहीतरी लिहिलं, त्यावर बऱ्याच प्रतिक्रिया आल्या. त्या सगळ्यांची आज माफी मागते.

हाडं आधीच ठिसूळ झाली होती, तपासणीत ते निघालंच. अशा हाडांना शिंकही पुरते, असं डॉक्टर म्हणाले. हे मी स्वतःला बरेच दिवस ऐकवलं. खरं आहे, पण मला शिंक आली नव्हती.

तीन महिने पाठीला पट्टा. मार्चमध्ये पुन्हा दाखवायला जायचं होतं. बाबा कामावर, म्हणून नातू म्हणाला मी नेतो, तुझ्यासाठी शॉकअप अगदी मऊ करून ठेवलेत. चारही बटणं शेवटपर्यंत उलटी फिरवली होती पोराने. गाडी निघाली आणि मला मंडईच्या रस्त्यावरचा नव्हे, कोकणातल्या तरीचा प्रवास घडला. एका उंचवट्यावरून गेलो की चार हेलकावे. पाठीचा पट्टा धरून मी रामरक्षा म्हणत होते. तो बिचारा रडकुंडीला आला. मऊ केलं तरी असं कसं?

ह्याचं उत्तर मला नंतर समजलं. आपण समजतो शॉकअप धक्का पेलतो, गाडीचं वजन पेलतो. तसं नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. जुन्या मराठीत तिला कमान म्हणत, घड्याळाला किल्ली देतो ती कमानच. ट्रकखाली थर लावलेले असतात ते पाटे, तीही कमानच. दाबलेली कमान उसळणार, पुन्हा दबणार, पुन्हा उसळणार. तिला गप्प बसवायचं काम शॉकअपचं. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. बँकेच्या काचेच्या दाराला वर जे यंत्र असतं, दार धाडकन न आपटता हळू लागतं, तेच इथे. कमान जेवढी कडक तेवढा तिला आवरणारा शॉकअप जोरकस हवा. नातवाने कमान कडकच ठेवली आणि आवरणारा हात तेवढा काढून घेतला. वर्गात दांडगी पोरं तशीच आणि मास्तर तेवढे गरीब, असं झालं.

हे मला ज्याने समजावलं तो माझा विद्यार्थी. मंडईत लिंबांच्या गाळ्यापाशी तो मला अधूनमधून भेटे, "बाई" म्हणून वाकून नमस्कार करी. नाना पेठेत त्याची शेड आहे. नववीत असताना इतिहासाच्या वहीत हा मोटारींची चित्रं काढायचा. शिवरायांच्या आग्र्याहून सुटकेच्या शेजारी एकदा फियाट काढली होती. मी ते पान सगळ्या वर्गासमोर फाडलं होतं. त्याने हा विषय आजवर कधी काढला नाही. मला मात्र तो दिसला की ते पान आठवतं.

एप्रिलमध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो. "बाई, तुम्ही कशाला आलात ह्या धुरळ्यात?" म्हणत त्याने खुर्ची पुसली. मग गाडीभोवती फिरला, एकेका कोपऱ्यावर हात ठेवून दाबून पाहिलं. एकही यंत्र लावलं नाही. वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी घेतली आणि मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर घट्ट बांधली. बटणं पूर्वी होती तशी करायला लावली. नातवाला म्हणाला, "मंडईला एक चक्कर मारून ये. सावकाश. भाजी आणायला जातो तसा जा."

वीस मिनिटांनी गाडी परत आली. पट्टी दांड्यावर सरकत सरकत थेट वरच्या रबरी गुटक्याला जाऊन चिकटली होती.

"हे बघा. गाडी खाली घेतली म्हणजे चाकाला वर यायची जागाच संपली. स्प्रिंग काम करायच्या आधी ह्या गुटक्यावर आदळतंय. तो दणका थेट बॉडीला." त्याने शॉकअप सोडवून गुटका काढून दाखवला. एका बाजूने तडकून त्याचा चुरा झाला होता. "हा साधासुधा नाही गेला. जोरात बसलंय कधीतरी. वजन असताना. मागं कोण बसतं?"

"आजी," नातू म्हणाला.

"बाई, कधी दणका बसला होता का?"

"नाही," मी म्हटलं. फार लवकर म्हटलं. अशी फार लवकर आलेली 'नाही' मी चौतीस वर्षं ओळखत आले आहे.

परत येताना नातू एक शब्द बोलला नाही. अलका चौकातल्या सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघतच म्हणाला, "तू बादली उचललीच नव्हतीस ना?"

"हिरवा झालाय," मी म्हटलं.

त्याने त्या रात्री स्वतःच बाबांना सांगितलं. मी कितीतरी सांगत होते, जाऊ दे, झालं ते झालं. पण तो सांगायला गेला. घरात जे व्हायचं ते झालं. माझ्या मुलाचा आवाज चढला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, तुला ठाऊक नव्हतं? उद्या अपघात झाला आणि विमावाल्यांनी हात वर केले तर? आणि माझ्याकडे वळून, "आणि तू आई, डॉक्टरांशीसुद्धा खोटं?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

महिनाभर गाडी खालीच उभी होती. नातू तिच्याकडे बघेना. गाडी विकतो म्हणाला. मला त्याच्या चेहऱ्याचीच भीती वाटायला लागली. शेवटी मीच एक दिवस त्याच्या खोलीत गेले. "गाडी विकून माझा मणका सरळ होणार आहे का? नाही ना? मग मला शनिवारी मंडईत न्यायला काय आणणार आहेस? ती नीट कर."

मग पुढचा दीड महिना जे चाललं ते मला शाळेतल्या प्रयोगवहीसारखं वाटलं. माझ्या विद्यार्थ्याची एकच अट, एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून ठेवायचा. वही मी दिली, रकानेही मीच आखले. आधी टायरमधली हवा, ती नातवाने कडक भरून ठेवली होती, ती दारावरच्या चिठ्ठीत लिहिलेली तेवढी केली. मग रिंगा फिरवून गाडी २० मिलिमीटर वर घेतली. उंची बदलली की चाकांची ठेवण बदलते, म्हणून अलाइनमेंट. प्रत्येक बदलानंतर मंडईची तीच चक्कर, तोच वेग, आणि परत आल्यावर पट्टी कुठवर सरकली त्याचं माप. पट्टी आता गुटक्याला टेकेना. पण मागे बसलं की पाठीला अजून कळायचं.

तेव्हा नातवाने एक गोष्ट माझ्यासाठी म्हणून केली आणि ती फसली. मूळ स्प्रिंगा माळ्यावर बारदानात बांधून ठेवलेल्या होत्या. आजी मागे बसते, म्हणून त्याने फक्त मागच्या दोन मूळच्या बसवल्या. मागे मऊ, पुढे कडक. गाडी मागे-पुढे डोलायला लागली, उंचवटा गेला तरी नाक वर-खाली.

मी पटकन म्हटलं, "उलाळ झाला की हा!"

दोघे माझ्याकडे बघायला लागले. मंडईपाशी टांगे उभे असत तेव्हाची गोष्ट. आई भाजीच्या पिशव्या घेऊन मागच्या बाजूला बसली की टांगेवाला म्हणायचा, "बाई, जरा पुढं सरका, टांगा उलाळ होतोय." मागे भार झाला की दांड्या वर उचलतात आणि घोड्याचं पोट आवळतं. पुढे जास्त झाला तर त्याच्या पाठीवर दाब. टांगेवाला माणसं अशी इकडून तिकडे बसवून टांगा तोलायचा आणि मगच "हैक" करायचा. टांग्याखाली पाटे असायचेच, पण नुसत्या पाट्यांनी भागत नसे.

माझा विद्यार्थी खूश झाला. "बरोबर, बाई. पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. मागचं थोडं लवकर परत आलं तर दोघांचं हलणं एकदम संपतं. मागं मऊ केलं तर ते रेंगाळतं." नातवाने लगेच मोबाइलवर शोधून सांगितलं, मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३०च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये हेच शोधून काढलं होतं. असेल. आमच्या टांगेवाल्याला ते कुणी विचारलं नाही.

शेवटी चारही मूळच्या स्प्रिंगा बसल्या. उंची पुन्हा १५५. शॉकअप मात्र मूळच्या मापाचे पण नवे, चांगले. नवे गुटके. आधीचं सगळं सस्पेन्शन त्याच बारदानात गेलं. कायद्याचीही तक्रार राहिली नाही, मुलगा निवळला. ताम्हिणी घाटात जाऊन आल्यावर नातू म्हणाला, खड्ड्यांच्या वळणावर गाडी आता जास्त विश्वासाने जाते, पूर्वी चाक उडायचं आणि ते त्याला वेगच वाटायचा. पण गुळगुळीत रस्त्यावर ती पूर्वीइतकी चपळ राहिली नाही, जरा कलते, असंही म्हणाला. मित्र तिला 'आज्जीची गाडी' म्हणतात. तो हसतो. त्याला ते आवडतं असं मला वाटत नाही. त्याने हे माझ्यासाठी सोडलं की स्वतःला शिक्षा म्हणून, हे मी त्याला विचारलेलं नाही.

सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो झाली. जमिनीखालून जाते, पोटातलं पाणी हलत नाही. मुलगा म्हणतो, आई, आता मेट्रोनेच जात जा. मी गेले चार-पाच वेळा. छान आहे. पण बोलायला कुणी नसतं.

शनिवारी मी आता पुढच्या सीटवर बसते, दोन चाकांच्या मध्ये, पट्टा लावून. पिशवी डिकीत. हत्यारं घरी. शॉकअपवरची ती प्लॅस्टिकची पट्टी मात्र त्याने कापलेली नाही. दर वेळी घरी आलो की मोबाइलचा दिवा लावून खाली वाकतो आणि ती कुठे आहे ते बघतो, मग हाताने पुन्हा खाली सरकवून ठेवतो. गुटक्यापासून दोन बोटं जागा राहिली की त्याचं समाधान.

परवा तो असाच वाकला आणि जरा जास्त वेळ वाकून राहिला. मी दारात उभी.

"काय रे, किती आहे?"

"दीड बोट," तो उठत म्हणाला. "मटार जास्त घेतलेस, आजी."